कॅमेऱ्यालाही टीममध्ये घ्या

रोबोट-स्पर्धेच्या सबमिशनची मुदत रात्री बाराला संपते. साडेनऊला बॉट पहिल्यांदा न अडखळता चालतो. पावणेदहाला कुणाला तरी आठवतं, अरे, व्हिडिओ? मग ज्याच्या फोनमध्ये चार्जिंग शिल्लक आहे तो पुढे सरसावतो. फोन उभा धरलेला. छतावरच्या दिव्यांचे काळे पट्टे पडद्यावरून सरकताहेत. बोलणारी मुलगी मोटरच्या घरघरीत बुडाली आहे. आणि ग्रिपर वस्तू उचलतो नेमक्या त्या क्षणी कुणाची तरी पाठ आडवी येते. परीक्षकांपुढे जातं ते हे. आठ महिन्यांचं सोल्डरिंग, जळलेले मोटर-ड्रायव्हर, बुडवलेल्या सुट्ट्या, सगळं त्या दीड मिनिटात वाया.

मुलांना मी बोल लावत नाही. बोल त्यांच्या शिक्षकांना आणि कॉलेजांना. टीम बनवताना मेकॅनिकलचा गट पाडतात, इलेक्ट्रॉनिक्सचा पाडतात, कोडिंगचा पाडतात. कॅमेऱ्याचं नाव त्या यादीत नसतं. ते पहिल्या दिवसापासून असायला हवं, आणि त्या कामाला बाकीच्या कामांइतकेच गुण हवेत.

ही मागणी कुणाला चैनीची वाटेल. त्यांनी रोबोकॉन या रोबोट-स्पर्धेचा जन्म कुठे झाला ते आठवावं. ही स्पर्धा टीव्हीवाल्यांनी जन्माला घातली. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १९८८ मध्ये विद्यार्थ्यांची रोबोकॉन सुरू केली आणि २००२ मध्ये आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने, म्हणजे प्रसारण संस्थांच्याच संघटनेने, ती देशोदेशी नेली. म्हणून तर भारतात ती दूरदर्शनच्या नावाने ओळखली गेली. २००८ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली, तिचा विषय होता ‘गोविंदा’: कृष्णाची लोणीचोरी. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली. २०२२ मध्ये नवी दिल्लीत झाली तेव्हा रोबोट चक्क लगोरी खेळले. चेंडूने लगोरी फोडायची, पुन्हा रचायची. बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. पडद्यासाठी आखलेला खेळ असा असतो. आणि या खेळात उतरणारी आपली मुलं पडद्याचं काम मात्र दूरदर्शनच्या कॅमेरामनवर सोडून मोकळी होतात. तो कॅमेरामन अंतिम फेरीला येतो. त्याआधीचे अकरा महिने कुणाच्याच कॅमेऱ्यात नसतात.

बरं, अंतिम फेरीपर्यंत पोचायचं कसं? अमेरिकेत युटाच्या वाळवंटात मार्स सोसायटी २००७ पासून विद्यार्थ्यांची रोव्हर स्पर्धा भरवते. आयआयटी मद्रासची ‘अन्वेषक’, आयआयटी मुंबईची टीम, मणिपालची टीम, ही सगळी मुलं त्या वाळूच्या ओढीने राबतात. पण वाळवंटाआधी एक चाळणी आहे: लेखी अहवाल आणि व्हिडिओ. जगभरातून शंभराच्या आसपास टीम अर्ज करतात, बोलावणं येतं ते तीन-साडेतीन डझनांना. परीक्षकाने तुमचा रोव्हर हात लावून पाहिलेला नसतो. त्याच्यापुढे असतात तुमचे कागद आणि तुमचा व्हिडिओ. रोव्हरचा हात खरोखर स्क्रू पिळतो की नुसता बाजूला उभा आहे, हे त्या चौकटीत दिसलं तर दिसलं.

पवईचं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात प्राध्यापक कवी आर्य यांच्या पुढाकाराने चाललेला ‘ई-यंत्र’ हा उपक्रम केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर देशभरातल्या कॉलेजांसाठी स्पर्धा घेतो. चार जणांची टीम. विषय मिळतो, एकामागून एक टास्क मिळतात, आणि टास्क पुरा झाल्याचा पुरावा म्हणून बॉट चालतानाचा व्हिडिओ चढवावा लागतो. बॉट धुळ्यात किंवा चेन्नईत, परीक्षक पवईत. मधला पूल म्हणजे तो व्हिडिओ. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजाला आयआयटीशी बरोबरीने उभं करणारी ही रचना मला फार मोलाची वाटते. आणि म्हणूनच, बॉट चांगला असूनही निव्वळ चित्रण गचाळ म्हणून मागे राहणारी टीम बघितली की पोटात तुटतं.

आता मी जिथून हे लिहितो आहे त्या आवडी गावाबद्दल. चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकलच्या वाटेवरचं हे गाव, २०१९ पासून महापालिका. मराठी वाचकाला वाटेल, आपला काय संबंध? संबंध चांगलाच आहे. विजयंतापासून टी-९० भीष्म आणि अर्जुनपर्यंतचे रणगाडे जिथून बाहेर पडले तो अवजड वाहनांचा कारखाना इथला. अर्जुनची रचना करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा, सीव्हीआरडीई, इथली. वाहनांवरच काम करणारी तिची भावकी आपल्या अहिल्यानगरला, व्हीआरडीईत. आणि २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या तेव्हा आर्मर्ड व्हेइकल्स निगमचं मुख्यालय आवडीत आलं, अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखानाही त्याच्याच पदराखाली गेला. अंबरनाथ, नगर आणि आवडी ही एकाच कामाची तीन टोकं आहेत, आणि नोकरीच्या निमित्ताने त्या टोकांवर मराठी घरं जातात-येतात.

या गावात कॅमेऱ्याची बंदी शिकवावी लागत नाही. फाटकावर फोन जमा होतात. ते योग्यच आहे, देशाच्या संरक्षणाचं काम आहे. पण वडील दिवसभर काय करतात हे ज्या घरात मुलांना कधी दाखवता आलं नाही, त्या घरातली मुलं आपण केलेलं काम दाखवायलाही संकोचतात असं मला इथे दिसतं. ‘काम बोलतं’ असं म्हणून ती गप्प बसतात. कारखान्यातलं मौन कारखान्यात राहू द्या. शाळेतला लाइन-फॉलोअर रोबोट हे राष्ट्रीय गुपित नाही.

आणि याच आवडीत, सीव्हीआरडीईत, ‘मुंत्रा’ हे माणसाविना चालणारं पट्ट्यांचं वाहन तयार झालं. २०१७ मध्ये ते लोकांपुढे आलं. त्याचे तीन प्रकार: टेहळणीसाठी एक, सुरुंग शोधायला एक, किरणोत्सर्गाचा किंवा जैविक धोका असलेल्या भागात जायला एक. चालवणारा दूर बसलेला असतो, वाहनावरचा कॅमेरा दाखवेल तेवढंच त्याचं जग. चित्र धूसर झालं, हललं, उशिरा आलं, तर रणगाड्याएवढं वाहन आंधळं. ज्या गावात कॅमेऱ्यावर वाहन चालतं तिथल्या मुलांना मी कॅमेरा शिका म्हणतो आहे, यात जगावेगळं काही नाही.

कारण कॅमेरा हे आधी मोजमापाचं हत्यार आहे, सजावट नंतर. साधा व्हिडिओ सेकंदाला तीस चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे ३३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात चेंडू फेकणारा हात बरंच काही करून जातो. आजच्या पुष्कळ फोनमध्ये २४० चित्रांचं स्लो-मोशन आहे, म्हणजे चार मिलिसेकंदांचा हिशेब. बॉट डावीकडे ओढतो म्हणून मुलं दोन रात्री कोड उपसत बसतात. चाकाजवळ फोन ठेवून स्लो-मोशनमध्ये एकदा बघा. सुरुवातीच्या झटक्यात डावं चाक घसरतं आहे, कोडचा काही संबंध नाही. गिअरचा एक दात उडी मारतो, ग्रिपर वस्तू सोडण्याआधी सैल पडतो, बॅटरीची तार धक्क्याने क्षणभर सुटते. डोळ्याला हे दिसत नाही. चौकटीत एक मोजपट्टी ठेवली, कोपऱ्यात चालू घड्याळ ठेवलं, की वेगही काढता येतो. मग व्हिडिओ काढणारा पोरगा टीमचा फुकट्या सभासद राहत नाही. दोष कुठे आहे हे आधी त्याला कळतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी, आणि ती शिक्षकांनाही कमी ठाऊक असते. व्हिडिओ काढताना मूल जे शिकतं तेच रोबोटच्या डोळ्याचं शास्त्र आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कित्येक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं तर चित्रातले पट्टे जातात. हे ज्या मुलीने शूटिंग करताना शोधलं, तिला बॉटच्या कॅमेऱ्याला जमिनीवरची खूण मधूनच का दिसेनाशी होते ते लगेच कळेल. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं की एक्स्पोजर आपोआप बदलतं आणि काळी रेघ करडी होते. चित्र ओळीओळीने टिपलं जातं म्हणून भरधाव फिरणारं चाक वाकडं दिसतं. रुंद लेन्सच्या कडेला सरळ रेषा फुगते. वर टांगलेल्या कॅमेऱ्यातून बॉटची जागा काढणाऱ्या टीमला याच चुका छळतात, फक्त तेव्हा त्यांना ‘अल्गोरिदमचा प्रॉब्लेम’ म्हणतात. हातात कॅमेरा धरून चार चुका केलेला विद्यार्थी तो प्रॉब्लेम आधी लेन्समध्ये शोधेल.

आपल्या मराठी माणसाने हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढायला पैसे हवे होते आणि ‘चित्रं हलतात’ या शब्दावर कुणी पैसे देणार नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडी थोडी चित्रं घेत त्याच्या वाढीची छोटी फिल्म केली. दाण्यातून अंकुर, अंकुराचा वेल, सगळं काही क्षणांत. ती पाहून यशवंतराव नाडकर्णींनी पैसे घातले, आणि १९१३ च्या ३ मे रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आजच्या भाषेत तो टाइम-लॅप्स होता आणि डेमोही होता. यंत्र चालतं हे सिद्ध करणारा, भांडवल उभं करणारा. पुढे फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो याचीही फिल्म केली. तंत्र वापरायचं आणि तंत्र उलगडून दाखवायचं, दोन्ही कामं त्यांनी एकाच हाताने केली. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ही गोष्ट पहिल्या वर्षी सांगायला हवी.

इस्रोनेही हा धडा घेतला. २०१७ च्या फेब्रुवारीत पीएसएलव्हीने १०४ उपग्रह सोडले, तेव्हा रॉकेटवरच्या कॅमेऱ्याने ते एकेक सुटताना टिपले. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, आणि उतरणीवरून प्रज्ञान रोव्हर खाली घरंगळत गेला ते विक्रम लँडरच्या कॅमेऱ्याने घेतलं. ते चित्र देशाने पाहिलं ते कुणीतरी काही वर्षं आधी तिथे कॅमेरा बसवायचा ठरवला म्हणून. वजनाच्या हरेक ग्रॅमसाठी भांडणाऱ्या लोकांनी तो बसवला.

आता उलट बाजूलाही बोललं पाहिजे. कॉलेजं व्हिडिओ करतातच, पण कसला? सुरुवातीला ड्रोनमधून इमारत. मग संस्थेच्या अध्यक्षांचा संदेश. मग प्राचार्य. मग ढोल-ताशांसारखं दणदणीत संगीत आणि तीन-तीन सेकंदांचे तुकडे, ज्यात रोबोट कधीच पूर्ण काम करताना दिसत नाही. हा प्रवेश-जाहिरातीचा माल आहे. मुलांच्या कामाचा तो अपमान आहे, आणि जाणता परीक्षक पहिला कट पाहूनच ओळखतो की काहीतरी लपवलं आहे. ज्या व्हिडिओला मी चांगला म्हणतो त्यात एक पूर्ण फेरी एका टेकमध्ये असते, सुरुवात ते शेवट, कापाकापी नाही. बॉट अडखळला तर अडखळताना दिसतो. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेची रोबोट स्पर्धा झाली. तिथे जगातल्या नामांकित प्रयोगशाळांचे रोबोट दार उघडताना, पायरी चढताना धाडकन पडले, आणि ते पडणं जगाने पुन्हा पुन्हा पाहिलं. त्या प्रयोगशाळांची अब्रू गेली नाही. दोन पायांवर उभं राहणं यंत्राला किती जड जातं हे सामान्य माणसाला त्या पडण्यातून कळलं. तुमच्या टीमचेही पडण्याचे व्हिडिओ तारखेसकट जपून ठेवा. पुढच्या वर्षी येणाऱ्या ज्युनिअरांना तेच सगळ्यात उपयोगी पडतात. सीनिअर पास होऊन गेले की टीमचं निम्मं ज्ञान त्यांच्याबरोबर जातं. गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवतानाचा दहा मिनिटांचा नीट काढलेला व्हिडिओ ते ज्ञान कॉलेजात ठेवतो.

आणखी एक, आणि हे मला मनापासून खटकतं. टीममध्ये मुली असल्या की ‘तुम्ही डॉक्युमेंटेशन बघा, प्रेझेंटेशन बघा’ असं ठरून जातं. स्क्रूड्रायव्हर मुलांकडे, पीपीटी मुलींकडे. मी कॅमेऱ्याला टीममध्ये घ्या म्हणतो ते या खोड्याला आणखी एक खिळा ठोकायला नाही. कॅमेरा आळीपाळीने फिरला पाहिजे. ज्याने चेसिस बनवली त्याला एडिटिंग टेबलावर बसवा, म्हणजे आपण काय सांगू शकत नाही ते त्याला कळेल. आणि जी उत्तम शूट करते तिच्या हातात सोल्डरिंग आयर्न द्या.

हे सगळं जमतं का? केरळने जमवून दाखवलं आहे. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळं आहेत. एकाच मंडळात मुलं ॲनिमेशन शिकतात, इलेक्ट्रॉनिक्स आणि रोबोटिक्स शिकतात, आणि शाळेला दिलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्याने शाळेतल्या घडामोडींच्या बातम्याही करतात, ज्या राज्याच्या शैक्षणिक वाहिनीवर दिसतात. २०२२ मध्ये दोन हजार शाळांना नऊ हजार रोबोटिक्स किट दिले गेले. कॅमेरा आणि रोबोट एकाच कपाटात. सरकारी शाळांत हे होतं, तर लाखांनी फी घेणाऱ्या संस्थांना कसली अडचण आहे?

पैशाची तर नाहीच. अटल टिंकरिंग लॅबसाठी नीती आयोग शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान देतो आणि अशा लॅब देशात दहा हजार शाळांत आहेत. त्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर दिसतो, किटचे डबे दिसतात. ट्रायपॉड मागितला तर शोधाशोध होते. दीड-दोन हजारांचा ट्रायपॉड, फोनला लागणारा एक कॉलर माइक, दोन एलईडी दिवे. एडिटिंगला केडेनलाइव्ह फुकट आहे, डा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे. एका चांगल्या सर्व्हो मोटरच्या जोडीपेक्षा हे फार महाग नाही. बोलणं बॉट चालू असताना रेकॉर्ड करू नका, नंतर शांत खोलीत करा, मोटरचा आवाज वेगळा ठेवा. शूटिंगच्या आधी कागदावर आठ ओळी लिहा: काय बनवलं, कशासाठी, काय जमलं, काय नाही. एवढ्याने निम्मी सबमिशनं सुधारतील.

आवडीच्या टीमकडे एक जास्तीचं भांडवलही आहे. इथली केंद्रीय विद्यालयं, कारखान्याच्या वसाहती, हवाई दलाचा तळ. घरात मराठी किंवा तेलुगू, रस्त्यावर तमिळ, वर्गात हिंदी-इंग्रजी. म्हणजे एकाच बॉटचं निवेदन तीन-चार भाषांत करणारी मुलं एकाच बाकावर बसलेली. हे व्हिडिओ तमिळमध्ये झाले तर तिरुवळ्ळूर जिल्ह्यातल्या सरकारी शाळांतली मुलं पाहतील, मराठीत झाले तर नगरच्या आणि अंबरनाथच्या शाळांतली. पीआयडी कंट्रोल म्हणजे काय हे मराठीत, चालत्या बॉटवर, सातवीच्या मुलाला कळेल असं सांगणारे व्हिडिओ अजून कितीतरी हवे आहेत. ते काम कुणा मोठ्या कंपनीची वाट पाहत अडून बसण्यासारखं नाही. आवडीतली चार मराठी मुलं एका सत्रात दहा व्हिडिओ करू शकतात.

एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवतो. ड्रोन शॉटचा मोह टाळा. लष्करी आस्थापनांच्या आसपास परवानगीशिवाय ड्रोन उडवणं २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार गुन्हा ठरू शकतं, आणि आवडीत कुठेही उभं राहिलं तरी एखादी आस्थापना जवळ असतेच. वसाहतीच्या भिंती, फाटकं, पाट्या चौकटीत येऊ देऊ नका. लहान मुलांचे चेहरे दाखवायचे तर पालकांना आधी विचारा. बॉट हॉलच्या आत चालतो, शूटिंगही आतच करा.

शाळा जूनला उघडतात, कॉलेजं त्यामागोमाग. नवीन टीमच्या नावांची यादी तेव्हाच लागते. मुख्याध्यापकांनी, विभागप्रमुखांनी ती यादी सहीला आली की खाली चौथा रकाना आखावा: कॅमेरा, ध्वनी, संपादन. त्यापुढे नाव नसेल तर यादी परत पाठवावी.